जुन्या लॅपटॉपचा भाव कशावर टिकतो?

आयकराच्या नियमांनुसार व्यवसायासाठी घेतलेल्या संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा धरता येतो. म्हणजे एक लाख रुपयांचा लॅपटॉप पूर्ण वर्ष वापरात होता असे मानले, तर तो हिशेबाच्या वहीत पहिल्या वर्षाअखेर ६० हजारांचा, दुसऱ्या वर्षाअखेर ३६ हजारांचा आणि तिसऱ्या वर्षाअखेर २१ हजार ६०० रुपयांचा उरतो. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टातही लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य तीनच वर्षे धरलेले आहे. हे आकडे बाजाराने ठरवलेले नाहीत. परंतु जुन्या लॅपटॉपच्या भावातील बरीचशी विसंगती त्यांच्याच आधाराने उलगडते, असे माझे मत आहे.

नवे असताना साधारण सारख्याच किमतीचे दोन लॅपटॉप घेऊ: एक लेनोव्होच्या थिंकपॅड किंवा डेलच्या लॅटिट्यूड मालिकेतला, खास कार्यालयीन वापरासाठी बनवलेला, आणि दुसरा अ‍ॅपलचा मॅकबुक एअर. चार वर्षांनी मॅकबुकला चांगला भाव येतो आणि थिंकपॅडचा मालक मिळालेली रक्कम ऐकून खट्टू होतो. यात थिंकपॅडच्या दर्जाचा दोष नाही. त्याचा कीबोर्ड उत्तम असतो, तो उघडून दुरुस्त करणे सोपे असते आणि सुटे भागही सहज मिळतात. अडचण पुरवठ्याची आहे. कंपन्या आणि बँका असे लॅपटॉप शेकड्यांनी विकत किंवा भाडेपट्ट्याने घेतात. तीन-चार वर्षे उलटली, वहीतली किंमत उतरली आणि वॉरंटी संपली, की ते एकगठ्ठा बाहेर काढतात. व्यापाऱ्यांच्या भाषेत हा ‘लॉट’. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस किंवा बंगळुरूचा एस. पी. रोड येथे एकाच मॉडेलची चळत लागलेली दिसते ती यामुळे. आपला एकुलता एक थिंकपॅड विकायला निघालेल्या माणसाची स्पर्धा या चळतीशी असते, आणि लॉटमधल्या यंत्राला दुकानदार थोड्या महिन्यांची का होईना, हमी देतो. मॅकबुक एअर बहुतांशी व्यक्तींनी स्वतःसाठी घेतलेला असल्यामुळे तो बाजारात एकेकटा येतो.

तथापि मॅकबुकचा भावही आपोआप टिकत नाही. अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम१ चिपचा एअर नोव्हेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा भारतात त्याची किंमत ९२,९०० रुपयांपासून सुरू होत होती आणि त्या किमतीत ८ जीबी मेमरी (रॅम) मिळत असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अ‍ॅपलने तेव्हा विक्रीत असलेल्या एम२ आणि एम३ एअरची किमान मेमरी किंमत न वाढवता १६ जीबी केली. एअरची मेमरी मुख्य पट्टीवर पक्की बसवलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे ८ जीबीचे सारे एअर त्या एका घोषणेने खालच्या वर्गात गेले. जुन्या यंत्राच्या भावाची कमाल मर्यादा त्याची मूळ किंमत ठरवत नाही, तर आज तेवढेच काम करणारे नवे यंत्र केवढ्याला मिळते यावर ती ठरते. ‘मी याला एवढे मोजले होते’ हे वाक्य सौद्यात निरुपयोगी ठरते ते म्हणूनच.

वयापेक्षाही निर्णायक गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअरचा पाठिंबा, म्हणजे नव्या आवृत्त्या आणि सुधारणा मिळत राहणे. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आले, आणि इंटेलच्या बाबतीत थोडे अपवाद वगळता आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच त्यासाठी पात्र ठरले. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सातव्या पिढीतील आय५-७२००यू आणि आठव्या पिढीतील आय५-८२५०यू यांच्यात वयाचे अंतर जेमतेम वर्षाचे आहे. पण पहिला या रेषेच्या अलीकडे राहिला आणि दुसरा पलीकडे गेला. (शिवाय पहिल्यात दोन गाभे (कोअर) आहेत, दुसऱ्यात चार, हे वेगळेच.) आडमार्गाने विंडोज ११ बसवता येते, लिनक्सही उत्तम चालते, परंतु सर्वसाधारण ग्राहक ‘अकरा चालतं ना?’ एवढेच विचारतो आणि भाव त्या उत्तरावर ठरतो. अ‍ॅपलकडेही हेच घडले. इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकसाठी मॅकओएस या कार्यप्रणालीची २०२५ मधील ‘टाहो’ ही शेवटची आवृत्ती आहे. २०१९ अखेर भारतात १,९९,९०० रुपयांपासून विकला जाणारा सोळा इंची मॅकबुक प्रो आज, नवा असताना त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळणाऱ्या एम१ एअरसोबत तोलला जातो, याचे मोठे कारण हेच.

गेमिंग लॅपटॉपबद्दल थोडक्यातच लिहितो. ग्राफिक्स चिपची नवी पिढी येताच त्यांची मागणी ओसरते, आणि आधीच्या मालकाने यंत्र किती तापवले असेल ही शंका प्रत्येक ग्राहकाला असते.

स्थितीचा विचार यानंतर येतो. बॅटरीची आजची पूर्ण क्षमता मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली आहे, हे विंडोजच्या बॅटरी अहवालातील आकड्यांवरून काढता येते; अलीकडच्या मॅकबुकसाठी अ‍ॅपल १,००० चार्ज-आवर्तने (पूर्ण बॅटरीइतका वापर झाला की एक आवर्तन) ही मर्यादा मानते. बिजागरी सैल असणे किंवा पडद्यावर डाग असणे यामुळे भाव उतरतो, पण सौदा मोडत नाही. सौदा मोडतो कुलुपामुळे. आधीच्या मालकाच्या खात्याला बांधलेला मॅक किंवा बायोसचा (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) पासवर्ड न काढलेला कंपनीचा लॅपटॉप कितीही चकचकीत असला, तरी सुट्या भागांच्या भावातच जातो. मूळ बिल जपावे, कारण माल चोरीचा नाही याचा तोच साधा पुरावा. खोक्याचे महत्त्व मला कधी पटलेले नाही, तरी ग्राहक ते मागतात हे खरे.

‘रीसेल चांगला आहे’ ही शिफारस मुळात पहिल्या मालकासाठी असते. ज्याला जुनाच लॅपटॉप घ्यायचा आहे, त्याच्यासाठी भाव टिकून राहणे हा तोटाच, कारण तो टिकलेला भाव त्याच्याच खिशातून जातो. अशा ग्राहकाने लॉटमधला, ज्याचा भाव पहिल्या मालकाच्या हातातच कोसळला आहे, असा कार्यालयीन लॅपटॉप पाहावा, असे मी सुचवीन. आजवर याबरोबर आणखी एक सल्ला देता येत असे: ८ जीबीचा घ्या आणि रिकाम्या खाचेत मेमरी वाढवा. २०२५ च्या अखेरीपासून मात्र एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्यामुळे मेमरीचे भाव बरेच चढले आहेत. म्हणून सध्या १६ जीबी आधीच बसवलेले यंत्र दोन-तीन हजार रुपये जास्त देऊनही परवडते, आणि विकणाऱ्यानेही जुन्या यंत्रातली मेमरी विचारात न घेता भाव सांगू नये.