दोन पावलांत ज्ञानोबा

मंगळवार, रात्री साडेनऊ

५००० मीटरला आज पुन्हा १९ मिनिटं २२ सेकंद. चार महिने झाले, घड्याळ तिथंच अडकलंय. सर काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

उजव्या बुटाचा सोल सुटला होता, म्हणून फलटण स्टँडसमोरच्या चपला शिवणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी बूट उलटा केला, टाचेवरून अंगठा फिरवला. "एका अंगाला झिजलाय. वाकडी होऊन पळतीस. कुणाला बघतीस, पोरी?"

कुणाला नाही. घड्याळाला बघते. दर वळणावर.

काकांचा स्वतःचा गुडघा धरलेला. पण माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी आली की पेटी घेऊन तिथं बसतात, वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवतात. पंढरपूरला मात्र कधी गेले नाहीत. का, तर "माझं टाकं जात्यात की दरसाल." दोरा दातात धरून बोलले, त्यामुळं अर्धं मला ऐकूच आलं नाही. देवाधर्माचं सांगणाऱ्यांपासून मी चार हात लांब असते, पण आज तासभर त्या पोत्यावर बसून राहिले.

मग चांदोबाच्या लिंबाच्या उभ्या रिंगणाचा विषय निघाला, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोडे पळतात ते. "स्वाराचा घोडा येगळा. माउलींच्या घोड्याची पाठ मोकळी. तरी त्याच्या टापंखालची माती माणसं कपाळाला लावत्यात. किती मिनिटात पळाला, कुणी इचारतं का?"

"काका, निवड चाचणीत विचारतात."

"त्ये इचारतील की. तू कशाला पळता पळता इचारतीस?" यावर मला काही सुचलं नाही. चाळीस रुपये दिले. निघताना म्हणाले, दोन पावलांत ज्ञानोबा, दोन पावलांत तुकाराम, दम त्यावर सोड.

संध्याकाळी घड्याळ आईच्या हातात दिलं आणि नीरा उजव्या कालव्याच्या कडेनं सुटले. आधी जुळेचना. ज्ञानोबा तीन अक्षरी, तुकाराम चार, पाय अडखळायचे. कधी जुळलं कळलं नाही. वळायचा पूल मागं गेला तेही नाही. परतताना अंधार.

वहीच्या पहिल्या पानावर ललिता बाबरांचा फोटो आहे. माण तालुक्यातल्या मोहीच्या, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत दहाव्या. त्यांच्या मनगटावर घड्याळ आहे का, हे आत्ता पहिल्यांदा निरखून पाहिलं. फोटो पेपरातला, मनगटाशी नेमकी घडी पडलीय.

आई दारातच उभी होती. "केवढा उशीर! किती लागला वेळ?"

मी घड्याळ मागितलं. तिनं ते बंदच केलं नव्हतं, अजून पळत होतं.