412 पत्ते आणि एक आयपी

दादर पश्चिमेला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. दुकानांची, कंपन्यांची न्यूजलेटरं बनवून मेलने पाठवायचं आमचं काम. लिफ्ट नाही. खिडकीशी एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर आउटलुक 2007. नवीन मुलं कामाला लागली की पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, हा भंगारात का नाही दिला?" मी त्यांना त्यांनीच बनवलेलं न्यूजलेटर त्या मशीनवर उघडायला सांगते. मागचं चित्र गायब, बटण चेपलेलं, दोन कॉलम एकाखाली एक आलेले. 2007 पासून आउटलुकने मेल दाखवायचं काम वर्डच्या इंजिनकडे दिलं आणि आमच्या धंद्याची अर्धी मेहनत त्या एका निर्णयापायी आहे. कारखान्याचा पर्चेस ऑफिसर मोबाइलवर मेल वाचत नाही, ऑफिसातल्या आउटलुकवर वाचतो. त्याला नीट दिसलं पाहिजे. म्हणून ते मशीन जाणार नाही.

मी नऊ वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात डीटीपी करत होते. कॅटलॉग, सोसायट्यांचे अहवाल, लग्नपत्रिका, सगळं पेजमेकरमध्ये. 2009 साली छापखाना बंद झाला आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीबरोबर मी हे काम सुरू केलं. ती फोटोशॉपची, मी अक्षरांची. तेव्हा आम्हाला वाटायचं, कागदावरचं पत्रक स्क्रीनवर नेलं की झालं न्यूजलेटर. शिवाय आमचे जुने मराठी फॉन्ट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उमटायचे नाहीत, नुसती चिन्हं दिसायची. म्हणून अख्खं पत्रक एकच चित्र करून पाठवायचो. पहिल्याच गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, मेल मिळाला, पण कोरा आहे." आउटलुक चित्रं आपणहून दाखवत नाही हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर आम्ही युनिकोडवर आलो, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उमटणाऱ्या मराठीवर, आणि मेलची मांडणी टेबलांत करायला शिकलो. टेबलात टेबल, रुंदी 600 पिक्सेल, रंग, आकार अशी प्रत्येक स्टाइल कोडच्या त्या त्या ओळीतच लिहायची. दोन चित्रांच्या मध्ये एक पांढरी रेघ यायची, तिच्यापायी मैत्रिणीने तीन दिवस घालवले. चित्राला कोडमध्ये डिस्प्ले-ब्लॉक ही सूचना लावल्यावर रेघ गेली तेव्हा ती खुर्चीतून उठून खाली गेली आणि दोन कटिंग घेऊन वर आली. 2012 मध्ये नवऱ्याची पुण्याला बदली झाली आणि ती गेली. आमचा मूळ साचा आजही तिचाच आहे, तिने मोजून ठेवलेल्या मोकळ्या जागा मी कुणाला हलवू देत नाही.

आता आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाबद्दल, काकांबद्दल. प्रिन्सेस स्ट्रीटवर त्यांचं प्रयोगशाळेच्या काचसामानाचं दुकान. ब्यूरेट म्हणजे द्रव मोजायची खुणांची नळी, शिवाय पिपेट, फ्लास्क, डेसिकेटर. 2010 च्या पावसाळ्यात ते पुठ्ठ्याचे दोन खोके घेऊन तीन मजले चढून आले. खोक्यांत व्हिजिटिंग कार्डं होती, चाळीस वर्षांतली. कॉलेजांचे लॅब-इनचार्ज, औषध कंपन्यांचे केमिस्ट, शाळांचे विज्ञान शिक्षक. मी म्हटलं, "काका, ही टाइप करून देते, परवापासून पाठवू." ते म्हणाले, "आधी विचारायचं. माणसाने कार्ड दिलं ते दुकानात आला म्हणून, पत्र पाठवा म्हणून नाही." मग त्यांनी एकेकाला फोन केला. कोण हो म्हणालं, कोण नाही. दीड महिन्याने यादी झाली, 412 पत्त्यांची.

त्यांच्या न्यूजलेटरमध्ये दरपत्रक कधीच वर नसे. वर एक उपयोगाची गोष्ट असायची. काचेचं बूच फ्लास्कच्या तोंडात अडकलं तर जोर लावू नका, बाहेरची मान कोमट पाण्याने हळूहळू तापवा, बाहेरची काच आधी प्रसरण पावते आणि बूच सुटतं. स्टॉपकॉकला, म्हणजे काचेच्या तोटीला, ग्रीस किती लावायचं. खाली तीन-चार वस्तू आणि फोन नंबर. लोक मेलला उत्तरं द्यायचे, आणि उत्तर काकांच्याच पत्त्यावर जायचं. "कृपया उत्तर देऊ नका" असला पत्ता कुणी लावू नये. मेल हे पत्र आहे. पत्र लिहायचं आणि पोस्टमनला सांगायचं की उलट टपाल आणू नकोस, हे शोभत नाही.

2014 चा ऑक्टोबर मी विसरू शकत नाही.

तेव्हा आमचा स्वतःचा भाड्याचा सर्व्हर होता, एकाच आयपीवरून, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून, अकरा गिऱ्हाइकांचे मेल जायचे. त्यातलं एक फर्निचरचं शोरूम. त्यांची यादी 2,300 ची. दिवाळीच्या आधी त्यांनी नवी फाइल दिली, 38,000 पत्त्यांची. मी विचारलं, एवढे कुठून आले? मालक म्हणाले, प्रदर्शनात फॉर्म भरून घेतले. मी दोनदा विचारलं. ते चिडले, म्हणाले आमचा माल आहे, तुम्ही फक्त पाठवा. माझा धीर तिथे कमी पडला. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं मला जमलं नाही.

विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला मेल सुटला. साडेअकराला लॉग, म्हणजे प्रत्येक मेलचं काय झालं याची नोंद, उघडला तर 550 ने सुरू होणाऱ्या ओळींमागून ओळी. हे काम करणाऱ्याला सांगायला नको, 4 ने सुरू होणारा कोड म्हणजे थोड्या वेळाने या, 5 ने सुरू होणारा म्हणजे येऊच नका. दर पाच पत्त्यांतला एक असा, ज्यावर माणूसच नाही. ती यादी सीडीवर विकत घेतलेली होती, हे पुढे त्यांच्याच कॅशियरने मला सांगितलं. असल्या यादीत स्पॅम ट्रॅप असतात, म्हणजे कुणीही वापरत नाही असे मुद्दाम ठेवलेले पत्ते. त्यांनी कधीच कुणाला परवानगी दिलेली नसते, म्हणून तिथे मेल पोचला की पाठवणारा पकडला जातो. संध्याकाळपर्यंत आमचा आयपी ब्लॅकलिस्टवर होता, म्हणजे ज्यांचे मेल घ्यायचे नाहीत त्यांच्या यादीत. शोरूमचा मेल अडकला याचं मला दुःख नव्हतं. उरलेल्या दहा जणांचे मेलही त्याच दारातून जायचे, आणि तेही बंद झाले. साडीवाले, मिठाईवाले, एक सहलवाले. पुढच्या गुरुवारी लक्ष्मीपूजन. ज्या आठवड्यासाठी हे लोक वर्षभर पैसे भरतात तोच आठवडा गेला.

ब्लॅकलिस्टमधून नाव काढायचा अर्ज मी चार वेळा केला. तिथे "चूक झाली" लिहून भागत नाही. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे लिहावं लागतं. चौथ्या अर्जात मी खरं ते सगळं लिहिलं आणि शोरूमची यादी पुसून टाकल्याचंही कळवलं, तेव्हा नाव निघालं. पण नाव निघालं म्हणून विश्वास लगेच परत येत नाही. दिवसाला 50 मेल, मग 100, मग 200, असं आयपी नव्याने तापवत नोव्हेंबर संपला.

तोवर अकरातले सात गेले. त्यातले पाच अंधेरीच्या एका एजन्सीने नेले. स्पर्धेचं मला वावडं नाही. पण त्यांचा माणूस प्रत्येकाकडे जाऊन सांगत होता की यांच्या आयपीला डाग आहे, यांच्याकडे काम दिलंत तर तुमचं नावही खराब होईल. आणि तीच एजन्सी आमच्या गिऱ्हाइकांना "एक लाख पत्ते आमच्याकडून फुकट" म्हणून तशाच विकतच्या याद्या देत होती. ज्या विषाने आम्ही आजारी पडलो तेच हे औषध म्हणून विकत होते. शोरूमच्या मालकांनी तर माझं 46,000 चं बिल आजतागायत दिलेलं नाही. "तुमचीच सिस्टीम खराब" म्हणाले. बिलाची प्रत माझ्याकडे फाइलमध्ये आहे.

त्या दिवसांत काका पुन्हा आले. मला वाटलं, हेही हिशेब मिटवायला आले. त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि विचारलं, "माझ्या लोकांना पत्र गेलं का?" मी म्हटलं, थोडे गेलेत, पण स्पॅममध्ये पडले असतील. "मग त्यांना सांगू या, की तिथून काढा." ऑफिसच्या लँडलाइनवर बसून त्यांनी चार दुपारी फोन केले. "सर, तो स्पॅमचा कप्पा उघडा. आमचं पत्र आहे? त्याच्यावर 'नॉट स्पॅम' दाबा." ऐंशी-नव्वद जणांनी तरी दाबलं असेल. तांत्रिक अंगाने बघितलं तर याहून चांगला उपाय मलाही सुचला नसता. वाचणारा माणूस स्वतः मेल उचलून इनबॉक्समध्ये ठेवतो, याची नोंद मेलवाल्या कंपन्या घेतात. उठताना ते एवढंच म्हणाले, "पोरी, पुढच्या महिन्याचं ब्यूरेटवर करू."

2016 ते 2019 बरी गेली. लॉकडाउनमध्ये काम वाढलं.

गिऱ्हाइकांशी माझं भांडण आजही एकाच गोष्टीवरून होतं, अनसबस्क्राइबची लिंक. सगळ्यांना ती बारीक, फिक्या करड्या रंगात, तळाशी हवी असते. मी ती नीट वाचता येईल अशीच ठेवते. ज्याला जायचंय त्याला दार सापडलं नाही तर तो स्पॅमचं बटण दाबतो, आणि एक अनसबस्क्राइब झाल्याने काही बिघडत नाही, पण प्रत्येक स्पॅम तक्रार नावाला चिकटते. मराठीत लिहिणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. जीमेल 102 केबीच्या पुढचा मेल कापतो. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो तिथे देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. मजकूर थोडा लांबला, कोड थोडा फुगला की तळ कापला जातो आणि तुमची लिंक तळाशीच असते. वाक्यं छाटा. सहा महिने ज्याने एकही क्लिक केलं नाही त्याला एकदा विचारा, उत्तर नाही आलं तर काढून टाका. यादी लहान झाली तर होऊ दे.

आणि ओपन रेट, म्हणजे किती जणांनी मेल उघडला तो आकडा, दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मेलमधलं चित्र उतरलं की मेल उघडला असं त्यात धरतात. सप्टेंबर 2021 मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय केली की वाचकाने मेल उघडला नाही तरी आतली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात. त्यामुळे न वाचलेला मेलही वाचला म्हणून मोजला जातो. अंधेरीची ती एजन्सी अजून तोच आकडा रंगीत ग्राफ काढून देते. आम्ही क्लिक आणि उत्तरं मोजतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क सक्तीचं केलं, म्हणजे मेल खरंच त्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या तपासण्या. जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइब हवं आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली हव्यात. आमच्याकडे त्या दिवशी बदलायला काही नव्हतं. 2014 नंतर प्रत्येक गिऱ्हाइकाचं डोमेन वेगळं सही केलेलं, आयपी वेगळे, फाइल कुठून आली याचा कागद असल्याशिवाय यादी चढवायची नाही. त्या मार्चमध्ये साडीवाले परत आले, मग सहलवाले. दोघांनाही मी पहिल्या भेटीत यादीच मागितली. साडीवाल्या वहिनींच्या 60,000 पत्त्यांतले 9,000 उरले. त्या काळजीत पडल्या होत्या. गणपतीच्या मेलनंतर त्यांनीच फोन करून सांगितलं की दुकानात लोक मेल दाखवत येतायत.

काका आता दुकानात बसत नाहीत, मुलगा बघतो. यादी 1,960 वर गेली आहे. पण दर महिन्याचा टेस्ट मेल अजून आधी काकांना जातो, त्यांचा होकार आल्याशिवाय पुढे जात नाही. या महिन्याचा विषय होता ब्यूरेटवरचं वाचन. मुलांनी चांगलं चित्र काढलं होतं. आउटलुक 2007 वरही नीट दिसत होतं. सकाळी साडेआठला काकांचं उत्तर आलं: "चित्रातला डोळा द्रवाच्या पातळीच्या वर काढलाय. असं बघितलं तर वाचन चुकतं. डोळा मेनिस्कसच्या समपातळीत घे, मग पाठव."

डोळा खाली घेतला. अकराला मेल गेला.