मंदी आहे म्हणे

काल रात्री भाकरी थापत होते आणि पिल्लू शेजारी येऊन म्हणतंय, मम्मी मी सहलीला नाव देत नाही. का गं? तर म्हणे पप्पांची मंदी चाललीय. चौथीतलं पोर, मंदी तिला काय डोंबल कळतीय, पण तोंड असं समजूतदार केलेलं की माझी भाकरी तव्यावर करपली.

तेव्हापासून डोक्यात तेच. तिचे पप्पा आणि मी आता वेगळे राहतो, कोर्टात पोटगीची केस चाललीय. रागवायचं तर नेमकं कशावर? तो खोटं बोलला असेल तर राग, सरळ हिशेब आहे. पण खरं असेल तर? आणि मला खरंच माहीत नाही, हीच तर गंमत आहे. खंडेनवमीला त्याचं स्टेटस होतं, झेंडूच्या माळा, मागं नवीन सीएनसी, वर्कशॉपमधली कॉम्प्युटरवर चालणारी मशीन. अक्कानं लगेच स्क्रीनशॉट पाठवला, ही बघ तुझी मंदी. आता अक्काला काय सांगू, कोल्हापूरच्या उद्यमनगरात दारात नवीन मशीन आली म्हणजे पैसा आला असं नसतंय, कर्ज आलं एवढंच. त्या घरात राहिलेय मी. फौंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, काम कमी झालं की जॉबवर्कवाल्याच्या, म्हणजे त्यांचे पार्ट करून देणाऱ्याच्या, मशीनी उभ्या, केलेल्या कामाचं पेमेंट पार्टी तीन तीन महिने देत नाही, आणि मग अचानक एखादं बिल निघालं की त्या रात्री घरात तांबडा पांढरा आणि सगळ्यांना कपडे. महिन्याला किती सुटतात हे त्याला स्वतःला तरी कधी सांगता आलंय?

माझं मात्र सगळं सरळ. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालापासून दोघांनीही आपापल्या मिळकतीचं ॲफिडेव्हिट द्यायचं असतं, मी पगाराची स्लिप लावली, पीएफ लावला, पतसंस्थेतली पाच हजाराची ठेव पण लिहिली. त्यानं इन्कम टॅक्सचा रिटर्न लावला. त्यात कसं असतं, उलाढाल दोन कोटीच्या आत असली की वह्या ठेवायची पण गरज नाही, रोखीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्यावर ६ टक्के नफा धरायचा आणि मोकळं व्हायचं. चोरी नाही ही, कायद्यातच सोय आहे. म्हणजे ३० लाखाचं काम बँकेतून झालं तर नफा १ लाख ८० हजार, महिना १५ हजार. कागदावर माझा पगार त्याच्यापेक्षा जास्त! वाचताना मलाच त्याची कीव आली एक मिनिट, देवाशपथ.

पगारदार असता तर कोर्टानं कंपनीला पत्र धाडून परस्पर कापून घेतलं असतं. इथं गुगल पे वाजला की कळायचं, कधी पाच हजार, कधी तीन, कधी नुसतंच 'पुढच्या आठवड्यात बघतो'. मग मी रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसते, व्हॅनचे, क्लासचे, डेंटिस्टचे, आणि रडायला येतं, पैशासाठी नाही, म्हणजे पैशासाठी पण येतं. पण त्यापेक्षा हे की पोरीनं मला विचारलंच नाही. मम्मी तू देशील का, असं विचारायचं होतं ना. तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं. कुणी सांगितलं तिला एवढं शहाणं व्हायला? तो बोलला असेल सहज, जेवताना, कुणाच्या तरी फोनवर. मी काही बोलले तर तिचा बाप खोटारडा ठरतो आणि नाही बोलले तर... जाऊ दे.

आई म्हणते, घाल की आत एकदा, सुतासारखा सरळ येईल. वकील मॅडमना विचारलं तर त्या हसल्या. एका महिन्याच्या थकबाकीला महिनाभर आत घालता येतं, पण आत जाऊन आला म्हणून थकबाकी फिटत नाही, ती राहतेच. आणि वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करायचा, त्यामुळे झोपून राहू नका म्हणाल्या. आता हा आत गेला तर मशीन कोण चालवणार, आणि मशीन बंद तर मला देणार काय, कपाळ? वर हप्ता थकला म्हणून बँक ती सीएनसी पण ओढून नेणार, म्हणजे अक्काला स्क्रीनशॉटपण राहायचा नाही. हे मनात आलं आणि मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. निकाल पटला नाही तर पूर्वी मुंबई गाठायला लागायची, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं त्याचं खंडपीठ, आपल्याच गावात आलंय, म्हणजे भांडायची सोय दोघांनाही घरपोच.

मॅडम म्हणतात कोर्ट नुसत्या रिटर्नवर जात नाही, राहणीमान बघतं, बँकेचे उतारे बघतं. जीएसटीचे रिटर्न मागवू, मशीनचं कर्ज काढताना बँकेला काय मिळकत दाखवली ते मागवू. बँकेपुढं कुणी गरीब नसतो, हे त्यांचं वाक्य आवडलं मला.

पण त्यातूनही मला जे पाहिजे ते कळणार नाही. खरंच मंदी आहे का, एवढंच कळू दे. राग यायला सुद्धा काहीतरी आकडा लागतो राव.

सकाळी सहलीचा फॉर्म भरून टाकला, पैसे मीच दिले. पिल्लू म्हणालं, पप्पांना सांगू नको हं. का ते विचारलं नाही मी.

आणि दुपारी डबा खाताना एकदम आठवलं, लाईट बिल! वर्कशॉपचं. बिलं भरायला मीच जायचे ना. काम असलं की युनिट नुसते पळतात, मशीन उभी असली की झपकन खाली येतात, ते काय कुणाच्या सांगण्यावर फिरत नाही. लगेच मॅडमना व्हॉट्सॲप केलं, मागची दोन वर्षाची बिलं मागवता येतील का. अंगठा आलाय. युनिट पळत असले तर मग बघतेच त्याच्याकडं. आणि पडलेले निघाले तर काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही.