वडाच्या नावाचे रिसॉर्ट

आलिशान रिसॉर्टचा ब्रँड म्हटला की संगमरवर, झुंबरे आणि भारदस्त नाव एवढेच आपल्याला आठवते; म्हणूनच मला ‘बनियन ट्री’ (म्हणजे वडाचे झाड) या ब्रँडची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. सिंगापूरचे हो क्वॉन पिंग आणि त्यांच्या पत्नी क्लेअर चियांग यांनी 1984 च्या सुमारास थायलंडमधील फुकेत येथे बांग ताओ उपसागराकाठची विस्तीर्ण जमीन घेतली, ती कथिलाच्या जुन्या खाणींनी पार नासलेली होती. माती सुधारून आणि झाडे लावून तेथे आधी इतर हॉटेले उभी राहिली. पण उरलेल्या एका तुकड्याला समुद्रकिनाराच नव्हता. किनारा नाही, तर प्रत्येक व्हिलाला स्वतःचा पोहण्याचा तलाव द्यावा, ही युक्ती त्या उणिवेतूनच सुचली आणि 1994 मध्ये रिसॉर्ट सुरू झाले. स्पामध्येही महागड्या यंत्रांऐवजी बागेतल्या मंडपात, आशियाई मर्दनपद्धती जाणणाऱ्या हातांवर भर दिला गेला. हे हात सर्व शाखांत सारखेच कसबी असावेत म्हणून 2001 मध्ये फुकेतलाच प्रशिक्षण संस्था काढली गेली, आणि माझ्या मते ब्रँडचा खरा पाया तोच आहे.

नाव मात्र हाँगकाँगजवळच्या लामा बेटावरील त्या गावावरून आले, जिथे या दांपत्याने साधेपणाने संसार केला होता; त्या गावाच्या चिनी नावाचा अर्थच ‘वडाचा उपसागर’ असा आहे. (वडाला इंग्रजीत मिळालेले हे नाव मुळात आपल्याकडच्या वाण्यांवरून पडले, हे आणखी गमतीचे.)