बाराच्या बारा बटणं सपाट!

मंडळी, हाताने केलेल्या कार्डांवर चिकटवायला मी कोल्ड पोर्सेलिनची (कॉर्नफ्लॉवर आणि फेविकॉल मळून केलेला, हवेत वाळणारा गोळा) बटणं करते. काल रात्री एकेका बटणाखाली स्टीलची पट्टी धरून पाहिली. बाराही सपाट, कुठेच फट नाही. पंधरा दिवस या एका गोष्टीवर अडले होते.

मागच्या वेळी सांगितलेला घाणा अख्खा वाया गेला. आजीच्या इरकलीचा काठ दाबून उमटवलेली नक्षी सुंदर उतरली होती, पण प्रत्येक बटणाच्या कडा वाटीसारख्या वर उचललेल्या. कार्डावर चिकटवलं की फक्त मध्ये टेकायचं, आणि पाकिटावर जरा दाब आला की कड मोडायची.

मी दोष मळण्याला देत होते. कॉर्नफ्लॉवर बदललं, फेविकॉल एमआरचं एकास एक प्रमाण कमी केलं, बेबी ऑइल वाढवलं (ते करू नका, बटण तेलकट राहतं आणि गोंद धरत नाही). फरक शून्य. मग एका दुपारी अर्धवट वाळलेलं बटण उलटून नख लावलं. वरची बाजू टणक, खालची अजून पेढ्यासारखी मऊ! तिथे उलगडा झाला. कोल्ड पोर्सेलिन पाणी उडून वाळतं आणि वाळताना आकसतं. मी बटणं प्लास्टिकच्या शीटवर, पंख्याखाली ठेवत होते. खालून हवा नाही, वरून जोराची. वरचा थर आधी आकसला की कडा ओढून घेणारच. पावसाळी हवेत लवकर वाळावीत म्हणून लावलेला पंखाच नडला.

आता बटणं सुती पंचाच्या घडीवर ठेवते, वर चाळणी उपडी, पंखा बंद. पाच-सहा तासांनी उलटायची. दुसऱ्या दिवशी वरूनही पंचा आणि त्यावर फरशीचा हलका तुकडा. पंचा सकाळ-संध्याकाळ बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. चार दिवस लागतात, लागू देत. पाठीवर पंचाची वीण उमटते आणि गोंद काय घट्ट बसतो!

२५ मिमीचं बटण वाळून २२ मिमी झालं. भोकंही आकसतात. रिकाम्या रिफिलने पाडलेल्या भोकातून जाड रेशमी दोरा जाईना, म्हणून आता ज्यूसच्या डब्याची स्ट्रॉ घेते, आधी कॉर्नफ्लॉवरमध्ये बुडवून. रंग फिकाच मळा, वाळल्यावर गडद होतो. पांढऱ्यातही थोडा पांढरा ऑइल कलर हवाच, नाहीतर मेणासारखं दिसतं.

ऑनलाइन मागवलेला सिलिकॉनचा साचा बाजूला ठेवला. भोकांच्या काड्या इतक्या बारीक की दुसऱ्याच बटणाला दोन तुटल्या. आणि साच्यातून निघालेली बटणं सगळी एका चेहऱ्याची. काठाच्या कापडाने प्रत्येक बटणावर वेगळा तुकडा येतो, मला तेच हवंय.

राखीच्या कार्डांसाठी अशी चाळीस करायची ठरवली होती. पण हे लिहितानाच सुचलं: बटण पालथं घालून मुद्दाम एकाच बाजूने वाळवलं तर? पाठ आधी आकसेल, कडा पाठीकडे वळतील आणि पुढची बाजू घुमटासारखी फुगेल. गणपतीच्या कार्डांवर कागदी फुलांच्या मधोमध असं फुगीर बटण किती छान बसेल! ती कार्डं मी हातानेच देते, पाकिटात दबायची भीती नाही. म्हणजे राखीची तीसच. आठ साधी बटणं आत्ताच कापली, नक्षीची नाही, कारण पालथं घातल्यावर ती चेपेल. जुनी प्लास्टिकची शीट काढली आणि पंखा पुन्हा लावलाय, फक्त त्या आठांसाठी.