साडेतेरा किलोची बेगमी

आमच्या ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर मागच्या मे महिन्यात मी एक बॅग ठेवली, तर त्याने आधी बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "साहेब, ही पण घ्यायची का?" म्हटलं नाही रे, नुसतं वजन सांग. साडेतेरा किलो. बायको बाजूलाच उभी होती, ती काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा जास्त लागतं.

ही बॅग म्हणजे माझी बग-आउट बॅग. हा शब्द ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. अमेरिकेत प्रेपर नावाची एक जमात आहे, उद्या भूकंप होवो, वादळ येवो, युद्ध होवो, आपण तयार पाहिजे म्हणून सामान साठवत बसणारी माणसं, आणि त्यांचे व्हिडिओ एकदा बघायला लागलात की संपत नाहीत. मला लॉकडाऊनमध्ये त्याचं व्यसन लागलं. पाठीवर टाकली की ७२ तास बाहेर काढता येतील अशी बॅग प्रत्येकाकडे हवीच म्हणे. मग मी पण सुरू केलं. एकदम नाही घेतलं, दर महिन्याला थोडं थोडं, म्हणजे पाप लपतं. हँडल फिरवून चार्ज होणारा टॉर्च, डोक्याला लावायचा टॉर्च, शिवाय एक साधा टॉर्च, डबक्यातलं पाणी ओढून प्यायची फिल्टरची नळी, १०० फूट दोरी (कशाला ते सांगतो पुढे), शिट्टी, घासली की ठिणगी पडणारी चकमक, घडीचा स्टोव्ह, आणि चांदीच्या वर्खासारखं दिसणारं एक ब्लँकेट जे अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. हे ब्लँकेट मी ठाण्यात, एप्रिलमध्ये, पंख्याखाली घाम पुसत ऑर्डर केलं. सगळं मिळून १४ हजारांच्या आसपास गेले असतील, नक्की आकडा मी घरात कुणाला सांगितलेला नाही.

आता त्या लोकांना नुसतं हसण्यात अर्थ नाही, तिकडचं गणित तिकडे बरोबर आहे. अमेरिकेत सरकारी सूचनाच आहे की माणशी रोज १ गॅलन पाणी, म्हणजे ३.८ लिटर, आणि ते किमान ३ दिवसांचं घरात ठेवा. जर्मनीत १० दिवसांचं खाणंपिणं ठेवा म्हणून सांगतात. स्वीडनने तर २०१८ मध्ये घरोघरी पुस्तिका पाठवली, संकट किंवा युद्ध आलं तर काय करायचं याची. तिथे हिवाळ्यात लाइट गेली की घरातला हीटर बंद, बाहेर बर्फ, दुकान गाडीने अर्ध्या तासावर, शेजारी दोन शेतं सोडून. ते चांदीचं ब्लँकेट तिथे जीव वाचवत असेल. आमचं वन बीएचके, दुकान जिन्याखाली, आणि शेजारी इतके जवळ की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आमची आई मोजते आणि "झाली डाळ त्यांची" म्हणून सांगते.

आणि बग-आउट करून, म्हणजे घर सोडून पळून, जायचं कुठे? मी खरंच नकाशा उघडून बसलो होतो एका रात्री. घोडबंदर रोडने निघावं तर साध्या शनिवारी गायमुखला माणूस तासभर अडकतो. मुंब्रा बायपासवर कंटेनर. कळव्याचा पूल, नको. म्हणजे जग बुडायला लागलं तरी आम्ही कापूरबावडीला फर्स्ट गिअरमध्ये असणार. तरी एका रविवारी सकाळी बॅग पाठीवर टाकून उपवनपर्यंत चालत जायचं ठरवलं, ट्रायल म्हणून. गेटवर वॉचमन म्हणाला "गावाला का काका?" कॅडबरी जंक्शनपर्यंत खांद्याचे पट्टे रुतायला लागले, वर्तकनगरला मी रिक्षा केली. उपवनला जाऊन तलावाच्या कडेला बसलो, चहा प्यायलो, आणि परत येताना पण रिक्षाच. रद्दीवाल्याच्या काट्यावर बॅग ठेवायची बुद्धी त्यानंतर झाली.

खरं म्हणजे मोठ्या संकटातून मी एकदा चालत घरी आलोय, त्यामुळे मला तरी जास्त अक्कल असायला हवी होती. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला तो दिवस. मी तेव्हा घाटकोपरला नोकरीला होतो, लोकल बंद, मोबाइल बंद, संध्याकाळी निघालो तो पहाटे घरी. खांद्याला लटकवलेल्या पिशवीत काय होतं माझ्या? रिकामा डबा, फोन नंबरांची छोटी डायरी, आणि वडिलांची जुनी लांब दांड्याची छत्री. पावसासाठी तिचा काडीचाही उपयोग नव्हता, उलटी होत होती सारखी, पण मिटून काठीसारखी पुढे टोचत टोचत चाललो की खाली रस्ता आहे का गटाराचं झाकण उघडं आहे ते कळत होतं. ती टोचायची, टक असा आवाज पाण्यातून हाताला लागायचा, मग पाय टाकायचा, परत टोचायची. माझ्या मागे आठदहा जण नुसते माझ्या छत्रीच्या भरवशावर येत होते. भांडुपच्या अलीकडे कमरेएवढं पाणी होतं तिथे दोन पोरं दोरी धरून उभी होती, एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि माणसं दोरीला धरून पलीकडे जात होती. पलीकडे एका चाळीतल्या बायकांनी स्टीलच्या पिंपातून चहा आणला होता आणि ग्लुकोजची बिस्किटं. एका मावशींनी मला पुडा दिला आणि म्हणाल्या, "घरी फोन लागला का रे?" 

तर ती १०० फूट दोरी बहुतेक त्या पोरांमुळे आली. फक्त त्या दोरीला दोन्ही टोकांना माणसं होती, माझी अजून प्लास्टिकमध्येच आहे.

दुसरा प्रसंग साधा आहे पण जास्त उपयोगी. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी १० वाजून गेले असतील आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची लाइट एकदम गेली. मी मनातल्या मनात खूश. हाच तो क्षण. तीन टॉर्च घरात! पण सकाळचे दहा वाजलेले, ऊन पडलेलं, टॉर्च कुणाला हवाय. अडलं कशावर, तर पंप बंद म्हणून वरच्या टाकीत पाणी चढेना, लिफ्ट बंद, आणि मुलीच्या ऑनलाइन क्लासमध्ये तिचा फोन ११ टक्क्यांवर. मी ऐटीत पॉवर बँक काढली. जूनमध्ये आणून "इमर्जन्सीला" म्हणून बॅगेत ठेवलेली, त्यानंतर चार्जरला लावलीच नव्हती. बटण दाबलं, एक ठिपका लुकलुकला आणि गेला. मुलीने रोजच्या वापरातली तिची ओरखडे पडलेली पॉवर बँक काढली आणि तिच्यावर घरातले चारही फोन आळीपाळीने चालले. यातून मी शिकलो काय? आणखी एक पॉवर बँक घेतली. आता बोला.

साध्या टॉर्चचं तर विचारूच नका. दोन वर्षांनी उघडला तर झाकणच फिरेना, पक्कडीने फिरवलं तर आत सेल फुगून त्यांच्यातून पांढरं मिठासारखं काहीतरी बाहेर आलेलं, स्प्रिंगवर हिरवट थर. सेल आत घालून ठेवायचे नसतात, टॉर्चजवळ वेगळे ठेवायचे असतात, हे शंभर व्हिडिओत सांगितलेलं होतं आणि मी ते लाइकही केलेलं होतं.

आई हे सगळं दोनतीन वर्षं बघत होती. ती अलिबागकडची. एकदा मी बॅगेतलं सामान खाटेवर मांडून बसलो होतो तेव्हा म्हणाली, "ही तुझी आगोट का रे?" आणि मला एकदम हसू आलं, कारण शब्द इतका बरोबर होता. आपल्याकडे प्रेपर नवीन नाहीत, आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याआधीचं, सामान भरणं म्हणजे तेच की. मे महिन्यात तिच्या घरी चार महिन्यांची बेगमी व्हायची. तांदळाला बोरिक पावडर, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, चिंचेचे मीठ लावून गोळे, आमसुलं, पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला, पडवीत पाऊस लागणार नाही अशी लाकडं रचलेली, मसाला कुटून बरणीत, आणि सुके बोंबील, वाकट्या, जवळा, सोडे ऊन देऊन देऊन पत्र्याच्या डब्यात. कारण पावसात होड्या बंद, मासळी बंद, रस्ता चिखलाचा. पण मजा बघा, यातलं काहीही "इमर्जन्सीसाठी" नव्हतं. रोजच्या जेवणातलंच होतं सगळं, खाऊन नारळी पौर्णिमेपर्यंत डबे तळाला यायचे, पुढच्या मेमध्ये नवीन. त्यामुळे खराब व्हायला वेळच मिळायचा नाही. माझ्या बॅगेत रेडी टु ईट राजमा होता, आमच्या घरात राजमा कुणीही खात नाही, तो एक्स्पायर होऊन गेला आणि कुणाला कळलंही नाही. सोडे कधी एक्स्पायर झालेले ऐकलेत?

आणि पाण्याचं म्हणाल तर ठाण्याच्या माणसाला कोणी शिकवू नये. "उद्या २४ तास शटडाउन" असा मेसेज ग्रुपवर आला की आमची ही बोलता बोलता सगळी भांडी भरते. चौघांचे ३ दिवसांचे म्हणजे त्या अमेरिकन हिशोबाने साधारण ४५ लिटर होतात. आमच्या बाथरूममधलं निळं पिंपच १०० चं आहे, पिण्याचं स्टीलचं वेगळं, शिवाय हंडा, कळशी, कुकर, एकदा तर मी तिला पोळ्यांचा डबा भरताना बघितलंय. शंका आली तर पाणी उकळायचं, खळखळ उकळी फुटल्यावर १ मिनिट, झालं. ती फिल्टरची नळी घेऊन मी नक्की कुठल्या डबक्यापाशी वाकणार होतो? मासुंदा तलाव?

मग लागतं काय खरंच? लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे तांदूळ कमी पडले नाहीत, आईच्या बीपीच्या गोळ्या कमी पडल्या, चौथ्या दुकानात मिळाल्या. तेव्हापासून तिची एक पट्टी जास्तीची असते, नवीन आली की जुनी आधी संपवायची, आगोटीसारखंच. पाचशेची नोट लाइट गेल्यावर कुणी घेत नाही आणि नेटवर्क नसेल तर यूपीआय नाही, म्हणून दहा, वीस, पन्नासच्या नोटा रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. जुलाब झाले तर १ लिटर उकळलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा बरं का, हे फ्रिजवर लिहून चिकटवलंय. एक टॉर्च दाराच्या खिळ्याला, जो रात्री जिन्यात रोज वापरला जातो. आणि फोन नंबर पाठ. परवा मी मुलीला विचारलं, तुझा फोन गेला तर दुसऱ्याच्या फोनवरून कुणाला लावशील, तर तिला माझा नंबर येत नव्हता. मग मी तिच्यावर ओरडणार होतो, तेवढ्यात तिने विचारलं, "बाबा, माझा सांग?" मला पहिले चार आकडे आले. आता दोघांनी पाठ केलेत, आठवड्यातून एकदा जेवताना म्हणून घेतो, पाढ्यांसारखे.

बॅग रिकामी केली शेवटी. चकमक पुतण्याने नेली, तो ट्रेकला जातो. डोक्याचा टॉर्च वॉचमनला दिला, पंप रूममध्ये शिरताना त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून तो भलताच खूश. दोरी मी ठेवली. आणि ते ब्लँकेट, त्याची घडी एवढीशी, तळहातावर मावणारी, ती मुलीने गणपतीच्या आदल्या दिवशी फोडली आणि मखराच्या मागे ताणून लावलं. लाइटिंगचा पिवळा प्रकाश त्याच्यावर पडला आणि सगळा कोपरा असा काही झळाळला की आलेला प्रत्येक जण आधी बाप्पाला नमस्कार करायचा आणि मग विचारायचा, हा चांदीचा कागद कुठे मिळाला, जांभळी नाक्याला का? बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "यांना विचारा, यांनी मागवलंय खास." शेजारच्या काकूंनी तर किंमत पण विचारली.