बॅटरी मधोमध ठेवली की तिला स्वतःचं पोट कळत नाही

ग्रिडला जोडलेल्या बॅटरीच्या पडद्यावर 'एसओसी ५० टक्के' असं ठळक दिसतं. एसओसी म्हणजे बॅटरी किती भरलेली आहे त्याची टक्केवारी. हा आकडा कुणी मोजलेला नसतो. तो हिशेबाने काढलेला असतो, आणि लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी सेलमध्ये हा हिशेब फार लवकर बिघडतो. सौर आणि पवन वीज ग्रिडमध्ये सामावून घेण्याची चर्चा निघाली की मेगावॉट-तासांवर भरपूर बोललं जातं, पण या टक्क्यावर फारसं कुणी बोलत नाही.

आधी ५० टक्केच का, ते पाहू. औष्णिक किंवा जलविद्युत संचाचा जड रोटर फिरत असतो, म्हणून मोठा संच अचानक बंद पडला तरी फ्रिक्वेन्सी एकदम कोसळत नाही. सौर इन्व्हर्टरमध्ये असं फिरतं वजनच नाही. समजा ग्रिडवर १०,००० एमव्हीए क्षमतेची यंत्रं फिरताहेत, त्यांचा इनर्शिया स्थिरांक ४ सेकंद आहे (म्हणजे फिरत्या वजनातली ऊर्जा पूर्ण क्षमतेला ४ सेकंद पुरेल एवढी आहे) आणि ४०० मेगावॉट अचानक गेले. फ्रिक्वेन्सी सुरुवातीला सेकंदाला ०.२५ हर्ट्झने घसरते. भर दुपारी सौर वीज जोरात असल्यामुळे निम्मी यंत्रं उतरवलेली असतील, तर हाच वेग ०.५ होतो. म्हणजे नेहमीच्या ५० हर्ट्झवरून ४९.५ वर यायला जेमतेम एक सेकंद. बॅटरीने मदतीला यायचं ते एवढ्या वेळात.

किती यायचं हे ड्रूप ठरवतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी किती टक्के सरकली की पूर्ण ताकद लावायची ते प्रमाण. १०० मेगावॉटच्या बॅटरीला २ टक्के ड्रूप दिला, तर १ हर्ट्झ फरकाला ती पूर्ण ताकद लावते, ४९.८ ला २० मेगावॉट देते, ५०.२ ला २० मेगावॉट शोषते. दोन्ही बाजूंना जागा हवी म्हणून तिला मधोमध ठेवतात. इथवर सगळं ठीक.

अडचण सेलच्या स्वभावात आहे. एलएफपी सेल २० टक्क्यांवर असो की ८० टक्क्यांवर, व्होल्टेज साधारण ३.२ ते ३.३५ च्या दरम्यानच असतं. त्यातही चार्ज करून थांबवलेला सेल आणि डिस्चार्ज करून थांबवलेला सेल एकाच एसओसीला थोडं वेगळं व्होल्टेज दाखवतात. म्हणजे मधल्या पट्ट्यात व्होल्टेजवरून काहीच नीट सांगता येत नाही. मग आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजत राहायचा, एवढाच मार्ग उरतो.

३१४ एएचचा (अँपिअर-तासांचा) सेल घ्या. करंट सेन्सरचा शून्यबिंदू अवघा अर्धा अँपिअर सरकलेला आहे. १५७ अँपिअरच्या पूर्ण लोडपुढे हे नगण्य वाटतं, पण बॅटरी बराच काळ अगदी थोड्या लोडवर असते आणि चूक मात्र चोवीस तास साचत राहते. दिवसाला १२ एएच, आठवड्याला ८४ एएच. म्हणजे २७ टक्के. पडद्यावर ५० आणि सेलमध्ये २३. पूर्ण लोडवर एक तास पुरेल असं आपण ग्रिडला सांगितलेलं असतं. सेल २८ मिनिटांत रिकामा.

हे कधी कळतं? सेल रिकामा होत आला आणि व्होल्टेज झपाट्याने उतरायला लागलं की बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारी यंत्रणा, जागा होतो आणि आकडा ३० वरून एकदम ८ वर येतो. रॅकमध्ये, म्हणजे सेलच्या एका कपाटात, ४१६ सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. त्यातला एक जरी २.५ व्होल्टला पोचला तरी त्या संपूर्ण रॅकचा कॉन्टॅक्टर, म्हणजे जोडणी तोडणारा स्विच, उघडतो. १२ पैकी ३ रॅक सुटले की उरलेल्या ९ वर करंट सव्वापटीहून जास्त, मग त्यांचीही पाळी. ग्रिडला आधार द्यायला आलेली बॅटरीच दुसरा बिघाड होऊन बसते.

मोजमाप चुकल्याने ग्रिडला फटका बसणं नवीन नाही. १६ ऑगस्ट २०१६ ला कॅलिफोर्नियात वणव्यामुळे पारेषण वाहिन्यांवर फॉल्ट झाले आणि सुमारे १,२०० मेगावॉट सौर वीज गेली. त्यातला मोठा वाटा असा, की फॉल्टमुळे विस्कटलेल्या लहरीवरून इन्व्हर्टरांनी फ्रिक्वेन्सी ५७ हर्ट्झच्या खाली गेल्याचं मानलं आणि तत्काळ ट्रिप झाले. खरी फ्रिक्वेन्सी तिथल्या नेहमीच्या ६० हर्ट्झच्या आसपासच होती.

एसओसीवरचा उपाय कंटाळवाणा आहे: बॅटरी अधूनमधून काठोकाठ भरायची. माझं मत, फ्रिक्वेन्सीच्या कामावरच्या बॅटरीला पंधरवड्यातून एकदा तरी. सगळी एकदम भरू नका, कारण भरलेली बॅटरी वीज शोषू शकत नाही. एक गट निवडा, त्याने वीज शोषण्याची ग्रिडला दिलेली हमी आधी मागे घ्या, मग सावकाश चार्ज करा. सर्वात जास्त व्होल्टेजचा सेल ३.५ व्होल्टला आला की करंट कमी करत न्या. तिथे पडद्यावरचा एसओसी १०० ला लावा. त्याआधी कॉन्टॅक्टर उघडे असताना सेन्सर किती अँपिअर दाखवतोय ते लिहून ठेवा. तिथे शून्यच यायला हवं. जे येतं तीच तुमची चूक. ही दोन मिनिटांची नोंद बहुतेक ठिकाणी कुणी ठेवत नाही.

वर पोचल्यावर लगेच खाली उतरवण्याची घाई नको. सेलमधला फरक तिथेच दिसतो. मधल्या पट्ट्यात सर्वात जास्त आणि सर्वात कमी व्होल्टेजच्या सेलमध्ये ५ मिलिव्होल्ट फरक दिसला तर त्यावरून काहीच ठरत नाही. वरच्या टोकाला तोच फरक १००-२०० मिलिव्होल्ट होऊन उघडा पडतो. बॅलन्सिंगही, म्हणजे पुढे असलेल्या सेलमधला जास्तीचा चार्ज जाळून सगळे सारखे करणंही, तिथेच नीट चालतं, आणि ते फार मंद असतं. एखादा सेल इतरांपेक्षा ५ टक्के पुढे असेल तर १५.७ एएच जाळायचे. १०० मिलिअँपिअरच्या बॅलन्सिंगला १५७ तास. पंधरवड्यातून दोन तास वर थांबून हे होणार नाही, म्हणून फरक लहान असतानाच पकडायचा.

नंतर ५० वर परत आणताना एकदम मोठा लोड टाकू नका. थोड्या लोडवर सावकाश उतरवा, म्हणजे ग्रिडला धक्का वाटत नाही.

नवी बॅटरी घेताना निविदेत सायकलींची संख्या सगळेच विचारतात. सोबत बॅलन्सिंग करंट किती मिलिअँपिअर आणि सेन्सरचा शून्यबिंदू तापमानासोबत किती सरकतो, हेही लेखी मागा.